फानीच्या लग्नातली बाळंतीण

फानीचं लग्न रविवारी होतं, आणि शनिवारी सकाळी नाचाच्या जागेच्या बरोबर मधोमध एक घोयरी वाळू उकरत असलेली तिच्या आईला दिसली.

आमोखोरीच्या किनाऱ्यावर घोयरे सरडे कुणाला नवे नाहीत. उन्हाळाभर ते झाऊच्या झुडपांत पानांत पान होऊन राहतात. एक डोळा पुढे, दुसरा मागे, आणि माशी टप्प्यात आली की अंगाहून लांब जीभ सटकन बाहेर. सप्टेंबर सरत आला की पोटुशा माद्या खाली उतरतात, वाळूत खोल खड्डा करून अंडी घालतात, वरून वाळू लोटतात आणि निघून जातात. फानीच्या आईची, आसिमिनाची, खानावळ समुद्राला लागून. मागे मोकळी वाळू, पलीकडे झाऊ. त्यामुळे दरवर्षी एखादी तरी दिसायचीच. दिसली की आसिमिना वळसा घालून जायची आणि आपल्या कामाला लागायची.

पण यंदा त्याच वाळूवर लग्नाचं सगळं वऱ्हाड नाचायचं होतं. तिचा नवरा सारांदिस होड्या बांधणाऱ्या मित्राकडून गाडीभर फळ्या मागून घेऊन आला होता आणि मोजपट्टी तोंडात धरून उभा होता.

“अगं, बादलीत घाल आणि सोड पलीकडे,” मोजपट्टी काढून तो म्हणाला. “त्यात काय एवढं?”

“पोट बघ की तिचं.”

“बघितलं. माझ्याहून लहानच आहे.”

आसिमिनानं पोळ्या भाजायचा पसरट तवा आणला आणि हलकेच तिच्याखाली सरकवला. घोयरीला ते मुळीच पसंत पडलं नाही. ती टम्म फुगली, पिवळे ठिपके असलेला तिचा हिरवा रंग बघता बघता काळवंडला, आणि जबडा फाकून ती अशी फुत्कारली की सारांदिसच दोन पावलं मागे सरला. आसिमिनानं तिला थेट रस्त्यापलीकडच्या झुडपात नेऊन ठेवलं आणि आत जाऊन दिपल्यांचं पीठ लाटायला घेतलं. लग्नाला दिपले हवेतच. पातळ लाटायचे, तळतानाच गुंडाळायचे आणि मधात बुडवायचे. एक घाणा तळून होतो न होतो तोच खिडकीतून तिला दिसलं, बाई परत निघाल्या आहेत.

घोयरी सरळ चालत नाही. एक पाय उचलते, तो हवेतच ठेवून पुढे-मागे झुलते, मग टेकवते. वाऱ्यानं पान हलावं तशी, म्हणजे वरून जाणाऱ्या ससाण्याला वाटावं, पाचोळा आहे. अशा चालीनं तिनं रस्ता ओलांडला, टेबलांच्या पायांमधून वाट काढली, सारांदिसच्या फळीवर चढून उतरली आणि आपल्या खड्ड्याशी येऊन जणू मधे काही झालंच नाही अशी पुन्हा उकरायला लागली.

“मुक्काम हलवायची नाही ही,” आसिमिना म्हणाली.

“अख्खा किनारा मोकळा आहे!”

“कुठे मोकळा आहे? पुढे लाट येते. तिकडे गाड्या लागतात. इथे दिवसभर ऊन, खाली ओल, आणि हिवाळ्यात चिटपाखरू नाही. तू असतास तर तूही हीच जागा धरली असतीस.”

सारांदिसला हे पटलं, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

आसिमिनाला खरी चिंता वेगळीच होती. विहीणबाईंची. एव्हान्थिया वर आर्कादियाच्या डोंगरातली. नवरा गेल्यापासून काळ्या कपड्यांत, पाठ सरळ, जीभ त्याहून सरळ. लग्नाचं जेवण आपल्या गावच्या चौकात, चिनाराखाली व्हावं असा तिचा हट्ट होता. “समुद्राकाठी काय लग्न करतात? घासागणिक वाळू लागेल,” असं तिनं फोनवर सुनावलं होतं. फानी आणि लाम्ब्रोसनं मिळून कशीबशी तिची समजूत घातली होती. आणि काल लाम्ब्रोस, म्हणजे होणारा जावई, हळूच सासूच्या कानाशी लागला होता. “बाकी सगळं ठीक आहे. फक्त सरपटणारं काही आईच्या नजरेस पडू देऊ नका. एकदा स्वयंपाकघरात पाल निघाली तर आठवडाभर मावशीकडे जाऊन राहिली ती.”

तेव्हा आसिमिनानं जैतुनाचा एक फटीफटींचा खोका आणला, खड्ड्यावर आणि खणणारीवर उपडा घातला, त्यावर टेबलक्लॉथ पसरला आणि वर सब्जाची हिरवीगार कुंडी ठेवली. सारांदिसनं फळ्या चारी बाजूंनी ठोकल्या, मधे चौकोन मोकळा ठेवला.

“मधे भोक असलेली नाचाची जागा,” तो म्हणाला. “कुणी विचारलं तर काय सांगू?”

“सांग, आमच्याकडे रीत आहे.”

रविवारी चर्चमधले विधी उरकले, डोक्यावर लग्नमुकुट चढले, उतरले, तांदूळ उडाले. डोंगरातली मंडळी बसमधून आणि खालची पायी अशी सगळी वरात खानावळीत आली. कोकरू भाजल्याचा वास दूरपर्यंत पसरला होता. एव्हान्थिया खुर्चीत बसली, सगळीकडे नजर टाकली, ब्रेडचा तुकडा मोडला आणि दातांखाली काही करकरतंय का ते लक्ष देऊन ऐकलं. करकरलं नाही. तिची थोडी निराशाच झाली.

मग तिला कुंडी दिसली.

“हे काय मधेच?”

“रीत आहे आमच्याकडे,” सारांदिस पटकन म्हणाला.

“कसली रीत?”

आता आली पंचाईत. सारांदिसनं बायकोकडे बघितलं. बायकोनं आभाळाकडे.

“नवरा-नवरीनं सब्जाभोवती फेरी धरायची,” तो म्हणाला. “संसाराला सुगंध यावा म्हणून.”

आमोखोरीची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. आपल्या गावात अशी रीत आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं. पण एव्हान्थियाच्या चेहऱ्यावरची सुरकुती पहिल्यांदाच सैल पडली. रीतभात म्हटलं की बाई हळवी.

“मग बसलाय काय? धरा की फेरी. आणि नुसती नवरा-नवरी कशाला? घरचे सगळे धरू या. मीसुद्धा येते.”

झालं. क्लॅरिनेट सुरू झालं, लाउटोवाल्यानं तारा छेडल्या, आणि हातात हात गुंफून अख्खं वऱ्हाड एका खोक्याभोवती फिरू लागलं. फळ्या दणदणत होत्या. आसिमिना एका हातानं विहिणीचा हात धरून नाचत होती आणि डोळ्यांनी टेबलक्लॉथचं टोक सांभाळत होती. आत ती बिचारी काय म्हणत असेल?

ती काय म्हणते ते लगेच कळलं. टेबलक्लॉथखालून वाळूचा एक सपकारा आला आणि थेट एव्हान्थियाच्या काळ्या बुटावर पडला. ती थांबली. दुसरा सपकारा आला. ती वाकली. आसिमिना “विहीणबाई, नको—” म्हणेपर्यंत तिनं कुंडी उचलून नवरदेवाच्या हातात दिली आणि खोका उलटा केला.

क्लॅरिनेट अर्ध्या सुरावर थांबलं.

घोयरी अर्धी खड्ड्यात होती. मागचे पाय वाळू फेकता फेकता थबकले. तिनं डोकं बाहेर काढलं. एक डोळा एव्हान्थियावर लागला, दुसरा आसिमिनावर. एव्हान्थियाचा हात छातीशी गेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. लाम्ब्रोस कुंडीसकट पुढे धावला, आई कोसळलीच तर एका हातानं झेलायला.

एव्हान्थिया कोसळली नाही. ती खाली बसली, अगदी सावकाश, काळा घागरा वाळूत टेकवून, आणि त्या फुगलेल्या पोटाकडे बघत राहिली.

“किती वेळ झाला कळा सुरू होऊन?” तिनं विचारलं.

“का… कालपासून,” आसिमिना म्हणाली.

“कालपासून! आणि तुम्ही तिच्या डोक्यावर कुंडी ठेवून वाजंत्री लावलीत?”

“तुम्हाला भीती वाटते म्हणून झाकलं होतं. लाम्ब्रोस म्हणाला…”

“वाटते ना. आत्ताही वाटतेय. पण मला भीती वाटते म्हणून बाळंतिणीला उठवायचं? जन्मभर शेळ्या पाळल्यात मी, आसिमिनाबाई. व्यायला बसलेल्या जनावराभोवती एवढा गोंधळ घातला तर ते कळा आवरून धरतं. ए क्लॅरिनेट, पेटीत ठेव ते! सगळे मागे व्हा! आणि ह्या फळ्या कुणाच्या अकलेतून आल्या?”

“माझ्या,” सारांदिस म्हणाला.

“उचला.”

“विहीणबाई, लोक नाचणार कुठे मग?”

एव्हान्थिया उठली आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागली. लाट नुकतीच मागे सरली होती तिथे तिनं टाच आपटून बघितली. पुन्हा आपटली. ओली वाळू दगडासारखी घट्ट बसली होती.

“हे तर खळं आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे वर खळ्यावरच नाचतात. आणि तुम्ही फळ्या ठोकत बसलात!” मग तिनं वाकून बूट काढले, मोजे काढले, बुटांत कोंबले आणि सारांदिसच्या हातात दिले.

आमोखोरीत तसं लग्न नंतर कुणी बघितलं नाही. टेबलं पाण्याकडे सरकवली, वऱ्हाड अनवाणी झालं, क्लॅरिनेट पुन्हा पेटीतून निघालं. नवरीचा पदरासारखा लांब झगा पार भिजला, आणि डोंगरातले म्हातारे, ज्यांनी जन्मात कधी खारं पाणी पायाला लावलं नव्हतं, ते लाट आली की पोरांसारखे ओरडू लागले.

दोघी विहिणी मात्र आळीपाळीनं झाऊजवळ येऊन बसत होत्या. एक नाचून आली की दुसरी जायची. पुढे पुढे दोघीही तिथेच बसून राहिल्या. मधे दिपल्यांची थाळी.

घोयरी दमून खड्ड्याच्या तोंडाशी जराशी विसावली होती, तेवढ्यात झुडपातून आणखी एक घोयरा उतरला. चांगला उजळ हिरवा, मान ताठ.

“हा कोण?” एव्हान्थियानं विचारलं.

“नवरा. नाहीतर आपण नवरा व्हावं असं वाटणारा कुणीतरी.”

घोयरीनं त्याला बघितलं मात्र, तिचं अंग शाईसारखं काळं पडलं आणि त्यावर पिवळे ठिपके दिव्यांसारखे उमटले. तोंड फाकलं. घोयरा एक पाय हवेत धरून झुलला, क्षणभर विचार केला आणि आल्या वाटेनं माघारी वळला.

“अगं बाई! मला वाटायचं, हे लपायला रंग बदलतात.”

“लपायला तिचं झुडपासारखं अंग आणि ती चालच पुरते. रंग जास्त करून बोलायला. पहाटे गारठली की काळी होते, ऊन पटकन अंगात मुरावं म्हणून. दुपारी फिकी पडते. आणि हे आत्ताचं म्हणजे, पोट भरलंय माझं, चालता हो.”

एव्हान्थियानं दिपल्याचा तुकडा मोडला. “मला हे जमलं असतं तर लग्नानंतर माझा निम्मा घसा वाचला असता.”

आसिमिनाला असा ठसका लागला की विहिणीला तिची पाठ थोपटावी लागली.

ऊन कललं तेव्हा घोयरी परत वर आली. पोट खपाटीला गेलं होतं, कातडी सैल लोंबत होती. तरी ती थांबली नाही. मागच्या पायांनी वाळू लोटून तिनं खड्डा भरला, वर चालून चालून दाबला, जागा आजूबाजूच्या वाळूत मिळवून टाकली. मग एकदाही मागे न बघता झाऊकडे निघाली.

आणि झाऊखाली पाशा बसला होता. खानावळीचा बोका, कोकराच्या हाडांनी पोट भरलेला, पण शिकार म्हटली की पोटाचा संबंध नाही असा.

“तो बोका धरा!” आसिमिना ओरडली. सारांदिस धावला, लाम्ब्रोस धावला, झगा सावरत फानी धावली. कुणी पोहोचायच्या आत घोयरीनं चिमट्यासारख्या पंज्यांनी फांदी पकडली आणि पाशानं उडी घेतली. फांदी हलली. पाशा फांदीच्या खाली पडला, रिकाम्या तोंडानं.

घोयरी नव्हतीच. ती पळाली नव्हती, कारण तिला पळता येत नाही. ती फक्त फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकली, पानासारखी चपटी झाली आणि बाकीची पानं झुलत होती त्या लयीत झुलू लागली. पाशानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि आपल्याला मुळात काही नकोच होतं अशा थाटात पंजा चाटायला घेतला.

मग सगळं वऱ्हाड झुडपाभोवती जमलं. लाम्ब्रोसचा मामा शिकारी. “डोंगरावरून दरीतला ससा टिपतो मी,” म्हणत तो पुढे झाला आणि एकेक फांदी न्याहाळू लागला. त्याचं नाक एकदा घोयरीच्या इतकं जवळ गेलं की आसिमिनानं श्वास रोखला. तिला दिसत होतं, त्याला नाही.

“गेली,” मामानं जाहीर केलं. “इथे नाहीये.”

दोघी विहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

बस निघायच्या वेळी एव्हान्थियानं विचारलं, “आता अंड्यांवर कोण बसणार?”

“कुणी नाही. वाळूची ऊबच त्यांना पुरते. पिल्लं पुढच्या ऑगस्टच्या शेवटाला निघतील.”

“आणि ती? ती येणार नाही बघायला?”

“तिचं काम झालं.”

एव्हान्थियाला हे अजिबात आवडलं नाही. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. “असं कसं चालेल? तू लक्ष ठेव गं, आसिमिना.” पहिल्यांदाच ती तिला ‘तू’ म्हणाली, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी फोन. आधी आमोखोरीतच बिऱ्हाड केलेल्या लेकाची चौकशी, मग सुनेची, मग मुख्य विषय. “पाऊस फार झाला का तिकडे? आत पाणी तर शिरलं नाही ना?” जानेवारीत कोल्हा येऊन वाळू हुंगून गेला, त्याच्या पावलांचे ठसे आसिमिनाला दिसले. ही बातमी डोंगरात पोहोचली आणि एव्हान्थियानं सारांदिसलाच फोनवर बोलावून घेतलं. काय बोलली कोण जाणे, पण त्या दुपारी सारांदिसनं अडगळीतून जुन्या पलंगाची लोखंडी जाळी काढली, जागेवर अंथरली आणि कडांना दगड ठेवले. वर म्हणाला, “माझ्याच मनात होतं ते.” वसंतात शेजारच्या हॉटेलातला एक पाहुणा त्या जाळीवर टॉवेल वाळत घालायला गेला, तेव्हा सारांदिस त्याच्यावर असा खेकसला की पाहुण्यानं हॉटेलच बदललं.

ऑगस्ट सरता सरता एव्हान्थिया चीजचा गोळा घेऊन उतरली. “सहज आले, मुलांना भेटायला,” म्हणाली, आणि मुलांच्या घरी पिशवी टाकून तडक खानावळीच्या मागे येऊन छत्रीखाली बसली. दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. जायचा दिवस उजाडला तरी वाळू आपली सपाटच.

सकाळची वेळ होती, बस यायला थोडा अवकाश. सारांदिस कॉफी घेऊन आला आणि कप तसाच हातात धरून म्हणाला, “हे बघा.”

जाळीखाली वाळू बशीएवढी खचली होती. त्या खळगीतून नखाएवढं एक डोकं वर आलं आणि त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरले. त्याच्यामागून दुसरं, मग एकदम चार-पाच, एकमेकांच्या डोक्यांवर पाय देत. अंगावरची वाळू झाडतायत न झाडतायत तोच ती झाऊकडे निघाली, प्रत्येक जण झुलत, एक पाय हवेत धरून. सारांदिसनं जाळी उचलली. पहिलं पिल्लू गवताच्या काडीवर चढलं, शेपटीचा वेढा दिला, आणि त्याच्यासमोर एक चिलट येऊन बसलं. जीभ कधी गेली, कधी आली, दिसलंही नाही. चिलट मात्र नव्हतं.

“हे कुणी शिकवलं त्याला?” एव्हान्थिया कुजबुजली.

“कुणी नाही,” आसिमिना म्हणाली.

“घ्या, विहीणबाई,” सारांदिस म्हणाला. “आईचा एक फोन नाही, तरी वेळेवर जेवतायत.”

“तुम्ही गप्प बसा. हे सरडे आहेत. माझ्या लाम्ब्रोसला अजून अंडं उकडता येत नाही. काल बघितलं मी, फुटलं त्याच्या हातात.”

बोलता बोलता ती थांबली. एक पिल्लू वाट चुकून तिच्या चपलेवर, तिथून घागऱ्याच्या घोळावर आणि घोळावरून काळ्या बाहीवर येऊन पोहोचलं होतं. कोवळ्या उन्हात ते गडद पडलं होतं.

“आसिमिना! काढ गं! काढ आधी!” मग आसिमिनाचा हात पुढे येताच, “थांब! नको. पडेल ते.”

“माझा रंग घेतला बघ त्यानं,” जरा वेळानं ती म्हणाली. ओठ हलू न देता.

“नाही गं. थंडी वाजतेय त्याला. ऊन खातंय.”

“मग खाऊ दे.”

पिल्लानं चिमुकल्या पंज्यांनी बाहीची वीण धरली होती. एक डोळा समुद्राकडे, दुसरा तिच्या हनुवटीकडे. वरच्या रस्त्यावर बस आली, उभी राहिली, ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. सारांदिसनं प्रश्नार्थक भुवई उडवली. एव्हान्थियानं मान हलवली नाही, हातही हलवला नाही. बस निघून गेली. कॉफी निवली. बऱ्याच वेळानं पिल्लू जरा फिकट झालं, एक पाय उचलून झुललं आणि आसिमिनानं पुढे धरलेल्या झाऊच्या डहाळीवर चढलं.